भिंतीला कान, कानाला बॅटरी

शेजारच्या घरात काय चालले आहे हे कळण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हे अमेरिका पाहिल्याखेरीज मला पटले नसते. ज्याचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले, त्याला ही सोय जन्मसिद्ध असते. मधली भिंत फळ्यांची, आणि फळ्यांपेक्षा फटी जास्त. डावीकडच्या बिऱ्हाडात दूध उतू जाऊ लागले की उजवीकडच्या काकू ‘अहो, स्टोव्ह बारीक करा!’ म्हणून ओरडायच्या. रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर डॉक्टर येण्यापूर्वी अख्खा मजला उशाशी हजर. त्यातले निम्मे मदतीला आणि निम्मे माहितीला, पण हजर.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. तिथे दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, हिरवळ आहे. हिरवळीला कान नसतात. म्हणून त्याने ‘स्कॅनर’ नावाचे एक यंत्र बाळगले आहे. हातात मावणारे, डोक्यावर एरियलचा शेंडा. पोलीस, आगीचे बंब, रुग्णवाहिका, नगरपालिका यांची बिनतारी बोलणी ज्या ज्या लहरींवर चालतात, त्या लहरी हे यंत्र एकामागून एक चाचपत जाते. कुठे आवाज लागला की थांबते, बोलणे संपले की पुढे सरकते. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरच्या आत्याबाई गॅलरीतून जाताना प्रत्येक दारापाशी अशाच घटकाभर रेंगाळत. त्यांना बॅटरी लागत नसे, एवढाच फरक.

गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा भाच्याचे जुने यंत्र बदलायचे घाटत होते. एका मोठ्या कागदावर रकाने आखून तीन स्थळांचे गुणमेलन चालले होते. “मामा, तुम्ही इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा, यातला कुठला घेऊ?”

इतिहासाच्या मास्तराला असे कधी विचारू नये. तो १९२८ पासून सुरुवात करतो.

त्या वर्षी डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. बोलणे एकतर्फी. ठाण्याने बोलायचे, गाडीने ऐकायचे. (संसाराचा अनुभव असणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही.) गंमत अशी की या लहरी गाण्याबजावण्याच्या लहरींना अगदी खेटून होत्या. घरातल्या रेडिओचा काटा थोडा पुढे सरकवला की चोर कुठल्या गल्लीत शिरला हे चोराच्या आधी गृहिणीला कळे. रेडिओच्या कारखानदारांना यात वावगे वाटले नाही. १९३०च्या दशकात त्यांनी तबकडीवर चक्क ‘पोलीस’ असे छापून यंत्रे विकली.

पुढे १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्याच बेयॉन गावात पोलिसांच्या गाड्याही उलट बोलू लागल्या. १९३८ साली न्यूयॉर्कमधल्या विजी नावाच्या छायाचित्रकाराने आपल्या मोटारीत पोलिसांचा रेडिओ बसवून घेतला, रीतसर परवानगीने. मग तो खुनाच्या जागी इतक्या लगबगीने पोचू लागला की त्यावर त्याचे नावच झाले.

आपल्याकडे त्याच १९३३ साली, बिनतारी यंत्र जवळ बाळगायला परवाना पाहिजे असा कायदा झाला. साधी गाणी ऐकायचा रेडिओ घेतला तरी पोस्टातून लायसन्स काढावे लागे, आणि हा प्रकार १९८०च्या दशकापर्यंत चालला. तेव्हा पोलिसांचे बोलणे ऐकणारे यंत्र घेऊन आपल्या नाक्यावर कुणी उभा राहिलाच, तर त्याला पोलिसांचे बोलणे अगदी स्पष्ट ऐकू आले असते. यंत्राशिवाय.

“मामा, स्कॅनर,” भाच्याने आठवण केली.

त्याच्याकडेच येत होतो. १९६०-७०च्या सुमाराचे स्कॅनर स्फटिकांवर चालत. एका लहरीला एक स्फटिक. पोलिसांचा वेगळा, बंबवाल्यांचा वेगळा. जानव्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून हिंडणाऱ्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजींसारखा प्रकार. मग आकडे दाबून लहर लावता येणारी यंत्रे आली आणि जुडगा सुटला. तोवर पोलिसांनी नवी युक्ती काढली. पूर्वी बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असे. आता टोकन घ्यायचे आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे जायचे. तसेच रेडिओचे झाले. बोलणाऱ्याला कुठली लहर द्यायची हे दरवेळी संगणक ठरवू लागला. प्रश्न एका लहरीवर, उत्तर तिसऱ्याच. ऐकणाऱ्यांची दैना झाली. १९९७ साली या टोकनांचा माग काढणारा हातातला स्कॅनरही निघाला. म्हणजे कुलूप बदलले की किल्ली, किल्ली निघाली की पुन्हा कुलूप.

मधल्या काळात हे कान भलतीकडेही गेले. त्या वेळचे मोबाइल फोन उघड्या लहरींवर बोलत. ते ऐकणे १९८६च्या कायद्याने गुन्हा ठरले आणि १९९४ पासून ते ऐकू शकतील असे स्कॅनर बनवायलाच बंदी आली. जुनी यंत्रे मात्र लोकांकडे होतीच. १९९६च्या डिसेंबरात फ्लॉरिडातल्या एका जोडप्याच्या स्कॅनरला संसदेचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांची खलबते लागली. त्यांनी ती टेपवर घेतली. टेप विरोधी पक्षाच्या खासदारामार्फत वर्तमानपत्रात पोचली. जोडप्याला दरडोई पाचशे डॉलर दंड झाला आणि पुढाऱ्यांची आपसातली कोर्टबाजी दहा वर्षांच्या आसपास पुरली. आमच्या आत्याबाईंनी याहून मोठी गुपिते फोडली होती, पण त्यांनी टेप ठेवली नाही.

इथवर आल्यावर भाच्याने कागद पुढे सरकवला. आता पोलिसांचे बोलणे आकड्यांत जाते. १९८९ मध्ये आखायला घेतलेल्या ‘प्रोजेक्ट २५’ या डिजिटल पद्धतीने. ते ऐकायलाही डिजिटल कान हवा. पहिला रकाना ‘बीसीडी ४३६ एचपी’चा, साल २०१४. आपल्या गावाचा पिनकोड घातला की आसपासच्या सगळ्या लहरी स्वतःच शोधून ठेवणारा. दुसरा ‘टीआरएक्स १’, साल २०१६. बाजारात मिळणाऱ्या साध्या चार सेलवर चालणारा, आणि कारखाने-दुकानांत वापरतात ती डीएमआर पद्धत मूळ किमतीतच ऐकवणारा. तिसरा ‘एसडीएस १००’, साल २०१८. रंगीत पडदा, स्वतःची खास बॅटरी, किंमत सातशे डॉलरच्या घरात, आणि डीएमआरचे पैसे निराळे. राइसप्लेट महाग आणि वर दह्याची वाटी एक्स्ट्रा.

“मग हा तिसरा हवा कशाला?”

“मामा, गणपतीत गल्लीच्या दोन टोकांना दोन कर्णे असतात. मधे उभं राहिलं की काय होतं?”

एकच आरती दोनदा ऐकू येते, एक घोट मागेपुढे. नेमके तेच इथे होते. पोलिसांचे अनेक मनोरे एकच बोलणे एकाच लहरीवर एकदम सोडतात, आणि ते यंत्रापर्यंत किंचित मागेपुढे पोचते. माणसाचा कान आरती ओळखतो, टाळ्याही वाजवतो. डिजिटल यंत्र मात्र आकडे एकमेकांवर पडले की गोंधळते आणि तोतरे बोलते. जुन्या दोघांचे तसे होई. तिसऱ्याची आतली घडणच निराळी, त्यामुळे त्याला हा गुंता सुटतो. भाच्याचे गाव असल्या मनोऱ्यांच्या बरोबर मधे आहे.

“पण हे सगळं ऐकायचं कशाला?” असे मी विचारले, तेव्हा उत्तर भाचेसुनेने दिले. आदल्या हिवाळ्यात एका रात्री जुन्या स्कॅनरवर त्यांच्याच रस्त्याचे नाव आले, मग घराचा नंबर. पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजीबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. ही पायांत बूट अडकवून हिरवळ तुडवत गेली. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचा हात धरून बसली, मग इस्पितळातही गेली. आठवड्याने आजीबाईंनी विचारले, “तुला कळलं कसं?” हिने सांगितले. आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे सगळ्या गावाने ऐकलं?”

या प्रश्नाला इतिहासाच्या मास्तराकडे उत्तर नव्हते. चाळीत निदान दोन्ही बाजूंना फटी असतात. तुमचे आम्ही ऐकतो, आमचे तुम्ही ऐका. स्कॅनरची फट एकाच बाजूने उघडी.

पोलिसांनी उत्तर काढले आहे. संभाषण सांकेतिक करून टाकायचे. डेन्व्हरने २०१९ मध्ये ते केले, न्यूयॉर्कने २०२३ पासून सुरुवात केली. चोर ऐकतात आणि लोकांची खासगी माहिती फुटते, असे पोलीस म्हणतात. मग पोलीस काय करतात हे आम्हाला कसे कळणार, असे वार्ताहर म्हणतात. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणून भांडण मिटत नाही. पण या कुलपाची किल्ली कुठल्याच दुकानात मिळत नाही, सातशे डॉलर मोजले तरी.  म्हणून मी भाच्याला सांगितले, “चौथा रकाना आख. तुझ्या गावात उघडं काय राहिलंय ते लिही, आणि मग पैसे मोज.”

त्याने लिहिले. पोलीस बंद. बंब, रुग्णवाहिका आणि नगरपालिका उघडी. तरीही त्याने तिसराच घेतला. भाचेसून आठ दिवस बोलत नव्हती. मग थंडी पडली. परवा तिचा फोन आला, आवाजात कौतुक मावत नव्हते. बर्फ काढणारी गाडी आपल्या रस्त्याला केव्हा वळणार, हे आता गल्लीत सर्वांत आधी तिला कळते. ती पलीकडच्या आजीबाईंना फोन करून सांगते, आणि आजीबाई पुढच्या चार घरांना.