सुईच्या टोकावरचा इतिहास

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. यंदा त्याने पेणहून रंग न दिलेली शाडूची गणेशमूर्ती आणली आहे, ती घरीच रंगवायची म्हणतो. "आजोबा, एअरब्रशला सुई कोणती घेऊ?" शाळेत चित्रकलेचे तासही मीच घ्यायचो, म्हणून हा मान!

त्याला सांगितले ते इथेही लिहितो. ०.२, ०.३, ०.५ हे आकडे नोझलच्या भोकाचे, मिलिमीटरमध्ये. सुई त्याच मापाची हवी. मोठ्या भागावर रंग मारायला ०.५, बारीक छटेला ०.२, पण हिच्यात रंग लवकर अडकतो. नवशिक्याने ०.३ घ्यावी आणि रंग दुधाइतका पातळ करावा. सुईचे टोक जपावे, ते वाकले की फवारा तिरका गेलाच. आणि डोळ्यांची आखणी मात्र पेणच्या कारागिरांसारखी कुंचल्यानेच करावी.

गंमत म्हणजे हे यंत्र मूर्तींसाठी जन्मलेच नाही. अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ले यांनी १८७६ साली रंगाचा फवारा उडवणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले, ते फोटो रंगवण्याच्या कामासाठी. (पुढे याच स्टॅन्ले बंधूंनी वाफेच्या मोटारी काढल्या.) १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी हवा आणि रंग आतच मिसळणारा एअरब्रश केला. आजचा एअरब्रश त्याच वळणाचा. पुढे फोटो 'सुधारण्याचे' ते हुकमी हत्यारच झाले.

ते आमच्या घरापर्यंतही पोचले. १९६८ साली आई गेली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. आईचा एकच छोटा फोटो होता, तो मोठा करायला मी नांदेडला एका स्टुडिओत दिला. आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. फोटो आला तो गुळगुळीत! एकही वण नाही. बघायला येणारा जो तो म्हणे, "किती छान आलाय!"

स्टुडिओवाल्याला दोष कसा देऊ? "जरा साफ करून द्या," असे मीच म्हणालो होतो. मूळ फोटो पुढे घर बदलताना हरवला.

आई गेली तेव्हा धाकटी बहीण तीन वर्षांची होती. तिला आई आठवते ती भिंतीवरचीच.

धाकटे, तू हे वाचशीलच. आईच्या गालांवर वण होते गं. डाव्या गालावर जरा जास्त. आणि ती हसली की ते आणखी खोल दिसायचे.