दप्तरांची सांधेजोड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. प्रदेश एका दिवसात विभागला गेला. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी इतक्या सहजासहजी नव्या दप्तराशी जुळणाऱ्या नव्हत्या.

निजामी दप्तराची भाषा उर्दू, साल फसली आणि नाणे हाली. फसली १३५७ म्हणजे इसवी सन १९४७-४८. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा; हे नाणे १९५९ पर्यंत चालत होते. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून अपरिचित ग्रामनाम दोन प्रकारे वाचले जाई. शिवाय मोमिनाबादचे पुढे अंबाजोगाई झाले. जाणता कारकून हे सारे ध्यानी धरूनच दोन वह्या ताडून पाही.

आज हेच काम संगणकाकडे आले आहे. माहिती तक्त्यांत मांडावी आणि समान खुणेने तक्ते परस्परांशी जोडावेत, ही रीत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. बाहेरचा तक्ता आज्ञावलीतून जोडताना होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. तक्त्याचा पत्ता वा नाव चुकले, किंवा परवानगी नसली, तर यंत्र तत्काळ तक्रार करते. ही बोलकी चूक. मुकी चूक अधिक घातक. सातशे हाली आणि सहाशे कलदार यांची बेरीज यंत्र निमूटपणे तेराशे सांगते. कलदारात ती बाराशेच होय. मोमिनाबाद व अंबाजोगाई ही त्याला दोन गावे वाटतात आणि नोंदी गळून पडतात.

म्हणून शोधाला क्रम हवा. प्रथम बाहेरचा तक्ता स्वतंत्रपणे उघडतो की नाही ते पाहावे. मग साल, रक्कम व नाव यांचे प्रकार ताडावेत. जुन्या-नव्या नावांची जुळणी वेगळ्या तक्त्यात लिहावी. जोडणीपूर्वीच्या व नंतरच्या ओळी मोजाव्यात. शेवटी काही नोंदी मूळ कागदाशी ताडून घ्याव्यात.

हा केवळ यंत्रविद्येचा प्रश्न नव्हे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा निजामकालीन एकेका ओळीवर कुटुंबांचे दाखले अवलंबून होते. अशा वेळी ‘नोंद जुळली नाही’ याचा अर्थ ‘नोंद नव्हती’ असा करणे, हा त्या कुटुंबावर अन्यायच ठरेल.