रिकाम्या खोबणीची गोष्ट

इमारतींचे आराखडे काढण्यासाठी छोटा संगणक जुळवायचा, तर पैसा कोणत्या भागावर खर्च करावा? प्रश्न जुनाच आहे.

१९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' ही आज्ञावली सादर केली. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेघ काढता येऊ लागली. पण त्यासाठीचा टीएक्स-२ हा संगणक खोलीभर पसरलेला होता. १९८१ साली आयबीएमचा पीसी टेबलावर मावला आणि १९८२ साली त्यावर 'ऑटोकॅड' आले. अडचण वेगळीच होती. पीसीचा ८०८८ हा प्रक्रियक मुळात पूर्णांकांचे गणित करणारा. आराखड्यातले बिंदू मात्र दशांश अपूर्णांकांत! आकृती जरा फिरवायची, तरी प्रत्येक बिंदूसाठी साइन-कोसाइनचे गुणाकार आले. ते ८०८८ला अनेक लहान पायऱ्यांनी करावे लागत.

पीसीच्या मुख्य पट्टीवर एक खोबण मुद्दाम रिकामी ठेवली होती. तीत ८०८७ हा गणिती साहाय्यक बसवला, की हेच काम कितीतरी पट लवकर होई. नुसती पत्रे टंकणाऱ्याला मात्र त्याचा काहीच उपयोग नव्हता. १९८९ साली ८०४८६मध्ये हा साहाय्यक प्रक्रियकाच्याच पोटात गेला.

आज त्रिमितीय चित्रांचे बरेचसे गणित ग्राफिक्स कार्ड करते. पण लहान पेटीतून उष्णता बाहेर पडली नाही, तर महागडे कार्डही तापून आपला वेग कमी करते. म्हणून भागांची यादी करण्याआधी विद्यार्थ्यांना विचारायला लावावे : या कामात यंत्र नेमके कोणते गणित करते?