पतगुणांक

पतगुणांक किंवा क्रेडिट स्कोअर म्हणजे एखादी व्यक्ती कर्जाची परतफेड वेळेवर करील याची शक्यता दर्शविणारा, तिच्या आधीच्या कर्जव्यवहारांच्या नोंदींवरून काढलेला अंक होय. भारतात वैयक्तिक पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. अंक जितका अधिक तितकी जोखीम कमी, असे कर्जदाते मानतात. सुमारे ७५० च्या पुढील अंक सर्वसाधारणपणे चांगला समजला जातो. मात्र रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कोणताही किमान अंक ठरवून दिलेला नाही. तो निर्णय प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार घेते. या क्षेत्रातील पहिल्या कंपनीच्या नावावरून मराठी बोलण्यात या अंकाला सरसकट 'सिबिल' म्हटले जाते आणि 'सिबिल खराब आहे' हा वाक्प्रयोग शहरांइतकाच खेड्यांतही रूढ झाला आहे.

पतगुणांक हा श्रीमंतीचा मापदंड नव्हे. पगार, बचत खात्यातील शिल्लक, जमीनजुमला किंवा मुदत ठेवी यांचा तो काढताना विचार होत नाही. मोठ्या पगाराच्या माणसाचा अंक ६०० च्या खाली आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाचा ८०० च्या वर असू शकतो.

पार्श्वभूमी

कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराची माहिती काढणे ही सावकारीइतकीच जुनी प्रथा आहे. गावातील पेढीला किंवा पतपेढीला ती चारचौघांत विचारून मिळत असे. बँकांचे ग्राहक लाखोंच्या संख्येने वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडली. एका बँकेचे कर्ज बुडविणारा दुसऱ्या बँकेकडे सहज जाऊ शके, कारण बँका एकमेकींना माहिती देत नसत. या अडचणीवर उपाय म्हणून स्टेट बँक, एचडीएफसी, डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन यांच्या भागीदारीत २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, ही कंपनी स्थापन झाली. तिचे आजचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे.

२००५ मध्ये संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत केला. त्यानुसार रिझर्व्ह बँकेची नोंदणी मिळालेल्या सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आज कार्यरत आहेत. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कर्जदात्या संस्थेला चारही कंपन्यांचे सभासदत्व बंधनकारक केले. प्रत्येक कंपनीचे गणिती सूत्र वेगळे असल्याने एकाच व्यक्तीचे चार अंक थोडेफार वेगळे येतात. त्यात गैर काही नाही.

पत अहवाल

गुणांक हा निष्कर्ष असून त्याचा पाया पत अहवाल हा आहे. अंक घसरल्याची चिंता करणारे बहुतेक लोक केवळ अंक पाहतात आणि अहवाल उघडतच नाहीत. वस्तुतः घसरणीचे कारण अहवालातच लिहिलेले असते.

अहवालात व्यक्तीचे नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि तिच्या नावावरील प्रत्येक कर्ज व क्रेडिट कार्ड यांची नोंद असते. प्रत्येक खात्यापुढे मंजूर रक्कम, सध्याची बाकी आणि ३६ महिन्यांपर्यंतचा परतफेडीचा इतिहास महिनावार दिलेला असतो. महिन्याच्या चौकटीत '०००' असल्यास त्या महिन्यात थकबाकी नव्हती, '०३०' असल्यास हप्ता ३० दिवस थकला होता, असे समजावे. ही संख्या ९० च्या पुढे गेली की बँकेच्या हिशेबी ते कर्ज अनुत्पादक ठरते. कोणकोणत्या संस्थांनी कर्ज देण्याच्या विचाराने अहवाल मागविला, तेही शेवटी नोंदविलेले असते.

व्यक्ती जामीनदार असलेली कर्जेही अहवालात दिसतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. नात्यापोटी किंवा सहकाऱ्याच्या आग्रहाखातर केलेली सही अनेकांना वर्षांनंतर स्वतःचे गृहकर्ज नाकारले गेल्यावरच आठवते.

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य देणे बंधनकारक आहे. कंपन्या चार असल्याने वर्षात असे चार अहवाल मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही.

गुणांक खालावण्याची कारणे

सर्वांत मोठा परिणाम परतफेडीतील विलंबाचा होतो. त्यातही अलीकडचा विलंब जुन्या विलंबापेक्षा अधिक बाधतो. त्याखालोखाल मर्यादेच्या तुलनेत क्रेडिट कार्डाचा वापर महत्त्वाचा ठरतो. १ लाख रुपये मर्यादेच्या कार्डावर दरमहा ८०-९० हजार खर्च करणारी व्यक्ती पूर्ण बिल वेळेवर भरत असली, तरी बिलाच्या दिवशीची बाकी अहवालात जात असल्याने ती कर्जावर अवलंबून असल्याचे चित्र उमटते. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगितले जाते, पण तो कायद्याचा नियम नसून केवळ आडाखा आहे. थोड्या काळात अनेक ठिकाणी कर्जासाठी अर्ज करणे आणि सर्व कर्जे विनातारण असणे, यांचाही काहीसा परिणाम होतो. कोणत्या घटकाला नेमके किती टक्के महत्त्व, याची जी कोष्टके सर्वत्र फिरतात ती बहुधा अमेरिकेतील फायको या गुणांकाची असतात; ती भारतीय कंपन्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरील 'किमान देय रक्कम' हा शब्दप्रयोग फसवा आहे. ती भरल्याने खाते थकीत दिसत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते आणि बाकी फुगत जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम न भरल्यासच कार्डखाते थकीत म्हणून कळविता येते. वापरात नसलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्कही अशाच प्रकारे थकते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदललेला असल्यास बिल पोहोचत नाही आणि काही शे रुपयांची बाकी वर्षानुवर्षे अहवाल बिघडवीत राहते. ॲपवरून घेतलेली छोटी कर्जे आणि 'आता घ्या, नंतर पैसे द्या' या स्वरूपाची उधारी यांची माहितीही पतमाहिती कंपन्यांना देणे २०२२ पासून बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांच्या पहिल्यावहिल्या नोंदी पुष्कळदा याच मार्गाने तयार होतात.

तडजोड आणि निर्लेखन

थकलेल्या कर्जाबाबत सर्वाधिक गैरसमज तडजोडीविषयी, म्हणजे सेटलमेंटविषयी, आढळतो. समजा २ लाख रुपये थकले आणि वसुली प्रतिनिधीने '९० हजार भरा, प्रकरण संपवू' असे सांगितले. कर्जदार पैसे भरतो, पत्र घेतो आणि आपण मोकळे झालो असे समजतो. बँकेची वसुली तेथे थांबते हे खरे. परंतु अहवालात ते खाते 'बंद' असे न दिसता 'सेटल्ड' असे दिसते. त्याचा अर्थ, कर्जदात्याने तोटा सोसून रक्कम सोडली, असा होतो. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान ७ वर्षे जपून ठेवायची असल्याने हा शेरा लवकर पुसला जात नाही. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था शेतीकर्ज वगळता अन्य बाबतीत किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही.

'राइट-ऑफ', अर्थात निर्लेखन, म्हणजे कर्जमाफी असाही समज आहे. निर्लेखन ही बँकेच्या ताळेबंदातील कृती आहे. कर्जदाराचे देणे त्याने संपत नाही आणि वसुली चालू राहू शकते.

उरलेली रक्कम नंतर भरून खाते 'बंद' असे नोंदवून घेण्याचा मार्ग बहुधा मोकळा असतो. त्यासाठी संबंधित बँकेकडून लेखी मान्यता आणि रक्कम भरल्यावर बेबाकी दाखला घेणे आवश्यक आहे. मागील महिन्यांतील थकबाकीच्या नोंदी मात्र त्यानेही बदलत नाहीत, कारण त्या खऱ्या असतात.

चुका आणि दुरुस्ती

खराब अहवालाचे खापर नेहमीच कर्जदारावर फोडता येत नाही. फेडलेले कर्ज चालू दिसणे, सारख्या नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे खाते जोडले जाणे, एकच कर्ज दोनदा नोंदले जाणे असे दोष आढळतात. दुसऱ्याच्या पॅनचा वापर करून कर्ज काढण्याचे प्रकारही घडले आहेत.

अशी चूक पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे विनामूल्य कळविता येते. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही; तिला बँकेची पुष्टी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. कंपनीने कळविल्यापासून २१ दिवसांत बँकेने सुधारित माहिती पाठविली नसेल तर भरपाई बँकेने, अन्यथा कंपनीने द्यायची असते. गुणांक काढण्याच्या सूत्राविषयीच्या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशा जाहिराती देणारे मध्यस्थ यापलीकडे काहीही करू शकत नाहीत. चुकीची नोंद कर्जदार स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो आणि खरी नोंद पैसे घेऊनही कोणाला काढता येत नाही.

गुणांक सुधारणे

सुधारणेचा क्रम साधारणतः असा असतो: आधी चुकीच्या नोंदींची तक्रार, मग चालू थकबाकीची फेड आणि त्यानंतर नव्या, नियमित नोंदींची भर. थकबाकी अनेक ठिकाणी असल्यास क्रेडिट कार्डासारखी महाग बाकी आधी फेडणे हिताचे असते. हप्त्यांसाठी बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याची सोय केल्यास विसरण्याचा धोका टळतो, मात्र त्या तारखेला खात्यात शिल्लक हवी.

पतइतिहास बिघडल्यामुळे नवे कर्जच मिळत नसेल, तर मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड उपयोगी पडते. ठेव तारण असल्याने बँक गुणांकाकडे फारसे पाहत नाही, आणि थोडा खर्च करून दरमहा पूर्ण बिल भरल्यास चांगल्या नोंदी साठत जातात. सर्व कार्डे रद्द करणे हा मात्र उलटणारा उपाय आहे, कारण त्याने एकूण मर्यादा घटते आणि उरलेल्या बाकीचे प्रमाण वाढते. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्या संस्था दर पंधरवड्याला माहिती पाठवीत असल्याने बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतात; तरीही दीर्घ थकबाकीनंतर अंक सावरण्यास वर्षे लागू शकतात.

या खटाटोपाचे मोल आकड्यांत मांडता येते. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर गुणांकाशी जोडतात. ३० लाख रुपयांच्या २० वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता ८.५ टक्के दराने सुमारे २६,०३५ रुपये, तर ९.५ टक्के दराने सुमारे २७,९६४ रुपये येतो. एका टक्क्याचा हा फरक संपूर्ण मुदतीत साडेचार लाखांहून अधिक होतो.

वाद आणि टीका

भाडे वेळेवर देणारा किंवा कधीच कर्ज न काढलेला माणूस या पद्धतीत अदृश्य राहतो. घर आणि कर्ज पतीच्या नावावर असलेल्या स्त्रियांची गतही तीच होते. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे.

शैक्षणिक कर्जात प्रश्न अधिक टोकदार होतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, केवळ कमी गुणांकाच्या कारणावरून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. दुसरीकडे, खराब पतइतिहासामुळे एका उमेदवाराची नियुक्ती रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये योग्य ठरविला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्यांकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा बाळगता येते, असा त्यामागील विचार होता.

महाराष्ट्रात हा वाद पीककर्जाभोवती फिरतो. पावसाने दगा दिल्याने किंवा भाव कोसळल्याने थकलेले कर्ज आणि ऐपत असून न फेडलेले कर्ज यांत अहवालातील आकडा भेद करीत नाही, हा शेतकरी संघटनांचा आक्षेप आहे. पीककर्ज देताना शेतकऱ्यांकडे सिबिलचा आग्रह धरू नये, असे राज्य सरकारने राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना बजावले आहे. तरीही, खरीप हंगामाच्या तोंडावर शाखांमधून अंक पाहिला जात असल्याच्या तक्रारी येत राहतात.