खुब्याचा कृत्रिम सांधा : यांत्रिक बिघाड

खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्याचे भाग कालांतराने झिजणे, सैल होणे, निखळणे किंवा मोडणे यास यांत्रिक बिघाड म्हणतात.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली. १९६२ मध्ये त्यांनी उच्च घनतेचे पॉलिएथिलीन निवडले. सुमारे २२ मिमी. व्यासाचे धातूचे शीर्ष, प्लॅस्टिकची वाटी व अस्थिसिमेंट ही त्यांची रचना पुढील सांध्यांचा पाया ठरली (पहा : अस्थिसिमेंट).

झीज हे दीर्घकालीन बिघाडाचे प्रमुख कारण होय. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. वाटीतून सुटलेले, बहुतेक एक मायक्रोमीटरहून लहान कण भक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. या पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे भोवतालचे हाड विरते आणि जंतुसंसर्ग नसतानाही सांधा सैल होतो. मांडीच्या हाडात बसविलेला, शीर्षाला आधार देणारा दांडा वर सैल व खाली घट्ट राहिला, तर पावलागणिक वाकून त्याला भेग पडते (पहा : धातूंची श्रांती). शीर्ष व दांडा यांच्या निमुळत्या जोडात सूक्ष्म हालचालींमुळे गंजण्याची क्रिया होते. सिरॅमिक कमी झिजते, मात्र क्वचित तडकते. उकिडवे बसताना दांड्याची मान वाटीच्या काठावर टेकून शीर्ष निखळू शकते.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात. ‘एएसआर’ हा असा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. भारतातील बाधितांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र मंजूर केले.