पेवॉल काढली, पण फाँटच्या भिंतीचं काय?

२००६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. परवा आजी गंगाखेडच्या पाण्याच्या आठवणी सांगत होती, म्हणून मोबाइलवर त्या दिवसांतल्या मराठी बातम्या शोधल्या. इंग्रजीत थोडंफार सापडलं, मराठीत जवळपास काहीच नाही. असं का? त्यासाठी जरा मागे जाऊ.

सप्टेंबर २००५. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपले स्तंभलेख आणि जुने अंक पेवॉलमागे टाकले. योजनेचं नाव 'टाइम्ससिलेक्ट', वर्षाला सुमारे ५० डॉलर. २,२७,००० लोकांनी पैसे भरले, वर्षाला जवळपास १ कोटी डॉलर यायचे. तरी दोन वर्षांनी त्यांनी पेवॉल काढली! कारण खूप वाचक आता गूगलवरून येत होते आणि दारात पैसे मागितले की परत फिरत होते. ते आत आले असते तर जाहिरातींतून कमाई झाली असती. मग १९८७ पासूनचे अंक फुकट खुले झाले.

२०११ मध्ये पेवॉल परत आली, पण शोधातून येणाऱ्यांना सवलत ठेवून. २०१७ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने अशी सवलत बंद केली, तर गूगलवरून येणारी वर्दळ ४४ टक्क्यांनी घटली. पैसे भरणारे मात्र वाढले. म्हणजे सौदा दोन्हीकडून आहे, बरं का.

आता आपल्याकडे या. त्या काळात मराठी पेपरांच्या साइट फुकटच होत्या. पण अनेकांचा फाँट स्वतःचा. आधी फाँट डाउनलोड करा, मग बातमी वाचा. आतली गंमत अशी, की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवायचा. आपल्याला 'परभणी' दिसायचं, गूगलला नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण छपाईचं काम जुन्या फाँटवर चालायचं, तोच मजकूर साइटवर जायचा. पुढे साइट युनिकोडवर आल्या, नवं सापडू लागलं. जुनं बरंचसं मागेच राहिलं.

पेवॉल एका रात्रीत काढता येते. हा जुना मजकूर मात्र आधी जपलेला हवा, मग युनिकोडमध्ये बदलायला हवा. तोवर मी आजीची आठवण युनिकोडमध्ये टाइप करून ठेवलीय. 'गंगाखेड पूर' शोधणाऱ्याला निदान तेवढी तरी सापडावी.