मोहरीएवढी गोळी

सकाळचे अकरा वाजायला आले होते. नातवाच्या हातातली सांडशी मी काढून घेतली आणि चौदा महिन्यांच्या त्या जिवाने स्वयंपाकघराच्या लादीवर अंग टाकून दिलं. टाचा घासल्या, डोकं मागे फेकलं आणि आवाज असा लावला की कामतघरच्या आमच्या गल्लीतला मागांचा खडखडाट क्षणभर ऐकू येईनासा झाला. पलंगावर बसून माझी आई हे सगळं शांतपणे पाहत होती. म्हणाली, "आमच्या वेळी पोरांना एवढं रडूच देत नसत. गोळी द्यायचे." आणि अंगठ्याचं नख तर्जनीच्या पेरावर टेकवून तिने माप दाखवलं. मोहरीएवढं.

ती गोळी म्हणजे बाळागोळी. तिच्यात अफू असे. आईचा जन्म १९४१ सालचा, परळच्या चाळीतला. तिची आई, म्हणजे माझी आजी, गिरणीच्या रीलिंग खात्यात होती. पहाटे भाकरी, मग गोळी, मग गिरणी, असा क्रम आई सांगते. त्यात तिला काही विशेष वाटत नाही. मला मात्र त्या दिवसापासून या मोहरीएवढ्या वस्तूने स्वस्थ बसू दिलं नाही. हा लेख त्यातून झाला.

लहान मुलांना अफू देण्याची चाल गिरण्यांनी आणलेली नाही, ती त्यांच्याआधीची. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे मुंबई इलाख्यातल्या साक्षीदारांनी तिचा उल्लेख केला आहे. पोटदुखी, हगवण, दात येणं, थंडी अशा कशावरही ती दिली जाई. घरात आजी, आत्या, मोठी नणंद असताना ती अधूनमधूनची गोष्ट होती. मुंबईत आलेल्या कुटुंबाची आजी कोकणात किंवा घाटावर राहिली आणि दहा बाय दहाच्या खोलीत मूल सांभाळायला हातच उरला नाही. तिथे औषधाचा रोजचा रतीब झाला.

किती रोजचा, हे १९२२ साली कळलं. गिरण्यांतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असं त्यात नोंदलं आहे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. मग लक्षात आलं की माझी आई त्या ९८ जणांचीच, वीस वर्षांनंतरची, धाकटी बहीण.

या आयांना निर्दय ठरवणं सोपं आहे. सुधारकांपैकी काहींनी ते केलंही. पण गोळीचं एक दुष्टचक्र होतं. अफूने भूक मरते, बद्धकोष्ठ होतो; आणि अंमल उतरला की मूल चिडचिडं होतं, विनाकारण रडतं. संध्याकाळी गिरणीतून आलेल्या आईच्या वाट्याला येई तो हा उतारावरचा आकांत. तिला वाटे, पोर हट्टी आहे. त्यावर उपाय पुन्हा तोच. ज्या हट्टासाठी गोळी दिली जात होती, त्यातला काही हट्ट त्या गोळीनेच तयार केलेला होता.

१९३१ हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्या वर्षी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाचा अहवाल आला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या रागावर पुस्तक प्रसिद्ध केलं. पद्धत साधी होती. ४५ मुलांच्या आयांना वहीत नोंदी करायला सांगितल्या: मूल कधी भडकलं, कशावरून, किती वेळ, तुम्ही काय केलं. १,८७८ प्रसंग जमले. निष्कर्ष आज वाचताना घरातलेच वाटतात. रागाचे झटके सर्वांत जास्त येतात ते वयाच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे पहिला वाढदिवस झाल्यानंतर. जेवणाच्या वेळेआधी, भुकेच्या तोंडावर ते वाढतात. मूल आजारी असेल, झोप मोडली असेल तर आणखी. या वयात पाय फुटलेले असतात, शब्द फुटलेले नसतात. मुलाला समजतं पुष्कळ, सांगता काहीच येत नाही. सांडशी हवी आहे हे सांगायला त्याच्यापाशी त्याचं सगळं शरीर असतं, ते तो वापरतो.

एकाच वर्षातली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की मला गुडइनफबाईंच्या विद्वत्तेपेक्षा त्या ४५ आयांचा हेवा वाटतो. मुलाचा आकांत पाहत वहीत वेळ टिपायला त्यांना सवड होती.

आपल्याकडे ही सवड कुणी निर्माण केली का? कायद्याने थोडी केली. मुंबईत १९२९ साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने ती खोली, म्हणजे पाळणाघर, बंधनकारक झालं. १९७६ मध्ये पन्नासाचे तीस झाले. अफूची खुली विक्रीही १९४९ पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

पण मनापासून दखल घेतली ती ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करून, दादरला शिशुविहार चालवून झाल्यावर १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. दोन्ही गावं तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यातली. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्या सोबत होत्या. मूल रडतं, अडतं, फेकतं ते मोठ्यांना छळायला नव्हे, त्याला कारण असतं आणि ते शोधणं मोठ्यांचं काम आहे, हा या मंडळींच्या शिकवण्याचा गाभा. माराने आणि बागुलबुवाने गप्प बसवणं त्यांना गोळीइतकंच नामंजूर होतं. माँटेसोरी पद्धत तशी अडीच-तीन वर्षांपासूनची. कोसबाडला मात्र असं दिसलं की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं भावंड असतं. मग विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आली. वर्षाच्या मुलाचा प्रश्न हा त्याच्या बहिणीचा प्रश्न आहे, हे ओळखणं मला ताराबाईंचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

भिवंडीला यातलं फार काही पोचलं नाही. इथला यंत्रमागाचा धंदा बहुतेक छोट्या शेडमधला. दहापेक्षा कमी माणसं दाखवली की कारखाने कायदा दाराबाहेर राहत असे. बायका घरी किंवा शेडच्या कोपऱ्यात कांड्या भरत. माझी आई लग्न होऊन इथे आली आणि तिनेही भरल्या. मला तिने गोळी दिली नाही. तिच्या साडीच्या पदराचं एक टोक माझ्या पायाला आणि दुसरं कांडीयंत्राच्या खुराला बांधलेलं असे. अडीच हात लांब. "रडायचीस भरपूर," ती म्हणते, "पण मला दिसत होतीस."

मी विचारलं, गोळी का नाही दिलीस? तिच्या पाठचा एक भाऊ होता, हे तेव्हा मला प्रथम कळलं. दुपारी झोपला, संध्याकाळी उठला नाही. गोळीनेच गेला असं ती म्हणत नाही. एवढंच म्हणते की, त्या दिवशी चाळीत फार शांत होतं.

आता सूनबाई जवळच्या गोदामात पॅकिंगला जाते. पाळणाघर नाही, मी आहे. गुडइनफबाईंच्या आयांसारख्या मीही नोंदी सुरू केल्या, कालनिर्णयच्या चौकोनांत. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून जास्त साडेदहा ते बाराच्या मधल्या निघाल्या. तेव्हापासून त्याचा वरणभात अकराच्या आत होतो. काढून घेतलेल्या वस्तूच्या जागी दुसरी काहीतरी हातात देते. तरीही भडकलाच तर जवळ लादीवर बसून राहते, डोकं आपटू नये म्हणून हात खाली घालते. बोलत फारसं नाही. तीन-चार मिनिटांत तो स्वतःच माझ्या मांडीकडे सरकतो. सूनबाईची पाळी लांबली त्या दिवशी मात्र चौकोनात जागा पुरत नाही.

घड्याळ आई सांभाळते. तिला ते जमतं, आवडतंही. काल तो शांत झाल्यावर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "सव्वातीन मिनिटं. लिही."